पालकांनी चालविलेल्या जर्मन बालवाड्या

फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० साली जर्मनीत ‘किंडरगार्टन’ हे नाव रूढ केले, हे आम्ही शिक्षक लोक ट्रेनिंगच्या दिवसांत पाठ करतो. त्याच देशात आज हजारो बालवाड्या अशा आहेत की ज्या सरकार चालवीत नाही आणि चर्चही चालवीत नाही. मुलांचे आईबाप एकत्र येतात, निदान सात सभासद जमवून संस्था नोंदवितात आणि शिक्षिका नेमतात.

याची सुरुवात १९६८ च्या सुमारास पश्चिम बर्लिन व फ्रँकफुर्ट येथे झाली. त्या काळी सुपरमार्केटमुळे कोपऱ्यावरची किराणा दुकाने बंद पडत होती. रिकामे गाळे स्वस्त भाड्याने मिळत. तेथे मुले ठेवू लागले म्हणून नाव पडले ‘किंडरलाडेन’, म्हणजे मुलांचे दुकान. बर्लिनमध्ये यात पुढाकार होता तो चळवळीतील स्त्रियांचा. हेल्के सँडर यांनी सप्टेंबर १९६८ मध्ये फ्रँकफुर्टच्या विद्यार्थी परिषदेत भाषण करून पुरुष कार्यकर्त्यांना विचारले की, मुलांचा सारा भार बायकांवरच का? पुढाऱ्यांनी त्यावर चर्चा टाळली, तेव्हा एका विद्यार्थिनीने व्यासपीठावर टोमॅटो फेकले!

आता या बालवाड्यांत पालकांना काय करावे लागते ते पाहा. ठरलेल्या दिवशी सर्व मुलांचा स्वयंपाक, टॉवेल धुणे, सुट्टीच्या दिवशी भिंती रंगविणे, शिक्षिका आजारी पडली तर तिच्या जागी उभे राहणे. कार्यकारिणीत निवडून आलात तर शिक्षिकेचा पगार, करार, रजा, सरकारी अनुदानाचा हिशेब, सर्व तुमच्या अंगावर. विनावेतन काम करणाऱ्या अशा पदाधिकाऱ्यांची जबाबदारी मर्यादित करण्यासाठी २००९ साली कायद्यात कलम घालावे लागले, यावरून ओझे कळते. काही ठिकाणी ठरलेले तास भरले नाहीत तर त्यांचे पैसे मोजावे लागतात.

१९६८ चे पालक हे काम हौसेने अंगावर घेत होते. आज तसे राहिले नाही. १ ऑगस्ट २०१३ पासून वर्षाच्या मुलालाही जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण शहरांत जागा आणि शिक्षिका दोन्ही अपुऱ्या. मग जेथे दार उघडेल तेथे कुटुंब जाते, आणि कामाच्या कागदावर सही ही प्रवेशाची किंमत होऊन बसते. बर्लिनने २०१८ साली फी माफ केली. पण वेळेची फी कोण माफ करणार? रात्रपाळीची नर्स, एकटी आई, पुण्याहून नुकतेच आलेले व जर्मन न येणारे जोडपे, यांनी संध्याकाळच्या लांबलेल्या सभेत बसायचे कसे? स्वयंपाकाची पाळी घरी पोचली की ती बहुधा आईचीच होते, हे आपल्या बायकांना सांगायला नको. आईला मोकळीक मिळावी म्हणून निघालेल्या संस्थेने तिलाच पुन्हा चुलीपाशी उभे करावे, हे आम्हांस पटत नाही.

तरीही ही पद्धत मोडावी असे आम्ही म्हणणार नाही. शिक्षिका निवडताना ज्याला मत आहे, तो पालक फाटकाबाहेर ताटकळत नाही. झाडलोट पैसे देऊन करविता येते. निर्णय विकत घेता येत नाही. तेव्हा काम कमी करून मत शाबूत ठेवावे, आणि तास किती ते प्रवेशापूर्वीच सांगावे.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले तेव्हा उलट वाट धरली. राबणाऱ्या आईबापांकडे त्यांनी वेळ मागितला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच.

आपल्या मॉरिशसमध्ये २०२४ पासून बालशाळांची फी सरकारने उचलली. चांगले झाले. पण पालकांची आठवण आम्हां शाळावाल्यांना होते ती फॅन्सी-फेअरची तिकिटे खपविण्यापुरती. जानेवारीत नवी मुले येतील, तेव्हा पहिल्या सभेची वेळ हॉटेलात पाळी करणाऱ्या आईला आणि बस चालविणाऱ्या बापाला आधी विचारून ठरविता येईल काय, असे आम्ही आमच्या सहकारी शिक्षकांना विचारतो.