परीक्षा घाटात व्हावी

जुनी दुचाकी देऊन अधिक ताकदीची 'ॲडव्हेंचर' मोटारसायकल, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांसाठी उंच बांधलेली गाडी, घेऊ पाहणाऱ्याला गुहागरइतकी चोख परीक्षाभूमी क्वचितच मिळेल. कारण येथून निघणारा विजापूर महामार्ग चिपळूण ओलांडून कुंभार्ली घाट चढतो, तर वेळणेश्वर-हेदवीकडचे अरुंद रस्ते जांभ्याच्या सड्यावरून वळणे घेत समुद्राकडे उतरतात. 2016 मध्ये आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनचे 411 सीसी इंजिन सुमारे 24 अश्वशक्ती देत असे, 2023 अखेरीस आलेले 452 सीसी इंजिन 40 देते, आणि चाकणला बनणारी केटीएम 390 ॲडव्हेंचर ताकदीत त्याच्याही पुढे आहे. तथापि अश्वशक्ती मोकळ्या महामार्गावर खुलते. घाटाच्या आवळ वळणावर उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे चाकाला पिळून फिरवणारा जोर, आणि तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर किती मिळतो हे माहितीपत्रकापेक्षा दुसऱ्या गिअरमधला चढच सांगतो. नव्या हिमालयनचे वजन सुमारे 196 किलो असल्याने धोपाव्याच्या धक्क्यावरून ती दाभोळच्या फेरीबोटीत चढवताना पाय नीट टेकतात की नाही, हेही पाहावे लागते (दुकानदार हा प्रश्न सहसा काढत नाही). म्हणून दुकानाभोवतीच्या सपाट फेरीवर समाधान न मानता, मागे नेहमीचा सहप्रवासी बसवून चढ-उताराची चाचणी मागावी, आणि ती नाकारणाऱ्याकडे आगाऊ रक्कम भरू नये.