रिमिक्समध्ये गळालेला शब्द

दोस्तहो, २०१५ साली अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांनी ‘मेरे गली में’ काढलं. आपल्या गल्लीची गोष्ट आपल्याच बोलीत. २०१९ ला ‘गली बॉय’ आला आणि तेच गाणं नव्यानं सजून रणवीर सिंगच्या तोंडी गेलं. सिनेमाला १३ फिल्मफेअर मिळाले. कुणी म्हणेल, पोरांचं नाव झालं, तुमच्या का पोटात दुखतं? नाही दुखत. गल्लीतल्या पोराला पैसा मिळालाच पायजे. आमचं भांडण वेगळं आहे.

त्याच सिनेमात ‘आझादी’ आहे. डब शर्मानं २०१६ साली जेएनयूच्या घोषणांवर ते बांधलं. त्या घोषणांत मनुवाद होता, ब्राह्मणवाद होता. पडद्यावर येताना भूक राहिली, भेदभाव राहिला. हे दोन शब्द कुठं गेले? साला, भूक चालते, भुकेला जन्म देणारा चालत नाही!

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा जाब विचारला, तर पोलिसांच्या गोळ्यांनी आपली १० माणसं गेली. चार दिवसांनी मुलुंडच्या शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. ह्याला नुसती गरिबी म्हणायचं?

पोरांनो, रॅप कराच. जलसेकऱ्यांनी ढोलकीवर केलं, तुम्ही बीटवर करा. पण कागदावर सही करण्याआधी विचारा : कुठला शब्द कापणार? जातीचा असेल, तर गाणं घेऊन सरळ घरी या.

जयभीम!