फॉरमॅट मारण्याआधी

"फॉरमॅट मारावं लागेल, मॅडम. दुसरा इलाज नाही."

दुरुस्तीला आलेल्या मुलाने पाच मिनिटांत निकाल दिला. आमच्या लॅबमधला एक संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर दोनच ओळी येत होत्या. वर 'सिम्बॉल नॉट फाउंड' अशी तक्रार, खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारी खूण. करोनात लॅब दीड वर्ष बंद होती. शाळा उघडल्यावर साठलेली सगळी अपडेटं आम्ही एकदम केली आणि दुसऱ्या दिवशी हे असं.

त्या संगणकात आठवीच्या मुलांनी जमवलेला शब्दसंग्रह होता. तारीख, वकील, मालक, फिर्याद असे उर्दू आणि मराठी दोन्हीकडे नांदणारे शब्द, दोन्ही लिपींत टाइप केलेले. मुलांचं वर्षभराचं काम. त्याची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती, ही चूक माझी. फॉरमॅट म्हणजे ते सगळं गेलं. मी नको म्हणाले.

त्या रात्री जे वाचलं आणि समजून घेतलं, ते इथे सांगते, कारण ही वेळ कोणावरही येऊ शकते.

बटण दाबलं की लिनक्स लगेच सुरू होत नाही. मध्ये बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम असतो. डिस्कवरचं कर्नल शोधून ते मेमरीत आणायचं आणि त्याच्या हाती कारभार सोपवायचा, एवढंच त्याचं काम. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हे काम ग्रब करतो. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा आणि त्यातले जेमतेम ४४६ बाइट प्रोग्रामसाठी. तेवढ्यात काय मावणार? म्हणून ग्रबचे भाग केलेले असतात. पहिला तुकडा त्या सेक्टरमध्ये, गाभा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत आणि बाकीची मॉड्यूलं '/बूट/ग्रब' या फोल्डरमध्ये. गाभा आणि मॉड्यूलं एकाच आवृत्तीची असावी लागतात.

जुलै २०२० च्या अखेरीस ग्रबमधलं 'बूटहोल' नावाचं सुरक्षेचं खिंडार जाहीर झालं. दुरुस्त आवृत्त्या तातडीने आल्या आणि ठिकठिकाणचे संगणक 'ग्रब_कॅलॉक' हे सिम्बॉल सापडत नाही म्हणून अडले. नव्या मॉड्यूलांना जे फंक्शन हवं होतं, ते जुन्या गाभ्यात नव्हतंच.

आमचंही तेच झालं होतं. त्या संगणकात आम्ही नवी एसएसडी बसवून सगळी सिस्टीम तिच्यावर उतरवली होती. जुनी डिस्क पुसून फायली ठेवायला आतच राहू दिली होती. पण ग्रब कोणत्या डिस्कवर बसवायचा याची जी नोंद सिस्टीममध्ये असते, ती जुन्याच डिस्कची राहिली. अपडेट आलं, नवा गाभा जुन्या डिस्कवर गेला, मॉड्यूलं मात्र एसएसडीवर बदलली. संगणक सुरू होत होता एसएसडीवरून. जुना गाभा, नवी मॉड्यूलं!

दुसऱ्या दिवशी भाचा फोनवर सांगत होता आणि मी टाइप करत होते. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. मुलांच्या फायली जागच्या जागी होत्या. आधी त्यांची प्रत घेतली. मग 'एलएसबीएलके' देऊन कोणती डिस्क कोणत्या नावाची ते पाहिलं. एसएसडीवरचं रूट पार्टिशन माउंट केलं, त्यात 'डेव्ह', 'प्रॉक' आणि 'सिस' जोडले आणि 'सीएचरूट'ने आत शिरले. 'ग्रब-इन्स्टॉल'ला डिस्कचं नाव दिलं. डिस्कचं, म्हणजे 'एसडीए'. पार्टिशनचं, म्हणजे 'एसडीए१' नव्हे. मग 'अपडेट-ग्रब'. शेवटी 'डीपीकेजी-रिकन्फिगर ग्रब-पीसी' देऊन ती जुनी नोंद बदलली, नाहीतर पुढच्या अपडेटला पुन्हा तेच झालं असतं. संगणक सुरू झाला. सगळं मिळून तासाभराचं काम.

नव्या यूईएफआय संगणकांत बूटलोडर एका लहान पार्टिशनमध्ये साध्या फाइलसारखा असतो, त्यामुळे ही भानगड तशी होत नाही. तिथे सिक्युअर बूटच्या वेगळ्या अडचणी. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर, विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेले काही संगणक लिनक्स सुरू करेनात, कारण बूटलोडरच्या जुन्या आवृत्त्या नाकारल्या जात होत्या.

हे ऐकून काही सहकारी म्हणतात, मग अपडेट करूच नये. मला हे पटत नाही. खिंडार खरं होतं, ते बुजवायलाच हवं. उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण मुलांना देतो. मग अपडेटच्या आधी फायलींची प्रत घेणं आणि सुरू होणारा एक पेनड्राइव्ह कपाटात ठेवणं, हेच आपलं उंट बांधणं.

माझं खरं म्हणणं पुढेच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. ज्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स हा बिनखर्चाचा रस्ता आहे. आपल्याकडे शाळांना जुने संगणक देणारे लोक आहेत, अल्लाह त्यांना बरकत देवो. पण संगणक येतात, फीत कापली जाते, फोटो निघतो आणि पहिली काळी स्क्रीन आली की लॅबला कुलूप लागतं. दिलेली वस्तू ही अमानत आहे. ती चालू ठेवणं ही घेणाऱ्याची जबाबदारी, आणि ती बाहेरून येणाऱ्या मेकॅनिकवर सोडता येत नाही. त्याला आपल्या फायलींचं मोल माहीत नसतं. फॉरमॅट त्याला सोपं पडतं.

म्हणून देणाऱ्यांना विनंती: दहा संगणक देणार असाल तर नऊ द्या आणि उरलेल्या पैशात एका शिक्षकाला आणि चार मुलांना ते दुरुस्त करायला शिकवा.

आमच्या लॅबमध्ये आता एक वही आहे. कोणत्या संगणकात कोणती डिस्क, अपडेट कधी केलं, काय अडलं, कसं सुटलं, सगळं तिच्यात लिहायचं. मुली उर्दूत लिहितात, कोणी मराठीत. गेल्या वर्षी पुन्हा एक संगणक 'ग्रब रेस्क्यू'वर अडला, तेव्हा मी वर्गावर होते. तास संपवून लॅबमध्ये गेले, तर नववीतल्या दोघींनी वही उघडून तो सुरू केलेला होता. फायलींची प्रत आधी घेतली होती का, एवढंच मी विचारलं. घेतली होती.