वर्सोव्याची 'मछलीमार' आणि प्रजासत्ताकाचे ऋण

वसाहतीचे प्रजासत्ताक कसे झाले, या प्रश्नाचे रूढ उत्तर दिल्लीत सुरू होते आणि दिल्लीतच संपते. कॅबिनेट मिशन, संविधान सभा, सत्तांतर असा तो क्रम. या वाटचालीतील एक टप्पा मात्र मुंबईच्या किनाऱ्यावर घडला आणि वर्सोव्याचाही त्याच्याशी संबंध आहे. रॉयल इंडियन नेव्हीची पाणबुडीविरोधी युद्धाचे शिक्षण देणारी 'मछलीमार' ही आस्थापना वर्सोव्यात होती. फेब्रुवारी १९४६ च्या नाविक उठावात मुंबईतील ज्या किनारी आस्थापना सामील झाल्या, त्यांत तीही होती.

१८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध संप सुरू झाला. लवकरच एम. एस. खान आणि मदनसिंग यांच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती संप समिती स्थापन झाली. गोऱ्या नौसैनिकांइतके वेतन, आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची व राजबंद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलावणे, या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. इंडोनेशियाने ऑगस्ट १९४५ मध्ये स्वतःला प्रजासत्ताक घोषित केले होते. एका वसाहतीचे सैनिक दुसऱ्या वसाहतीच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरू नका, असे हे नौसैनिक सांगत होते.

संप कराची व अन्य बंदरांत पसरला आणि सुमारे २० हजार नौसैनिक त्यात उतरले. २२ फेब्रुवारीला मुंबईच्या कामगारांनी हरताळ पाळला. गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. परळ येथे कमल दोंदे यांना गोळी लागून मृत्यू आला. अखेर वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला नौसैनिकांनी शरणागती पत्करली.

या उठावामुळेच कॅबिनेट मिशन आले, असे म्हणणे कालक्रमाला धरून होणार नाही. मिशनची घोषणा १९ फेब्रुवारीलाच, म्हणजे संप ऐन भरात येण्यापूर्वी झाली होती. मात्र गणवेशातील भारतीयांच्या बळावर हा देश यापुढे ताब्यात ठेवता येणार नाही, हे या पाच दिवसांनी उघड केले. वाटाघाटींच्या मेजावर ब्रिटिशांची बाजू त्यामुळे दुबळी झाली, हे नाकारता येत नाही.

पटेलांची भूमिकाही समजून घ्यावी लागेल. उद्याच्या स्वतंत्र देशालाही शिस्तबद्ध सैन्य लागणार होते. पुढे संविधानाच्या कलम ३३ ने सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला, तोही याच विचाराशी सुसंगत आहे. परंतु बडतर्फ नौसैनिकांना स्वतंत्र भारताच्या नौदलात परत घेतले गेले नाही आणि पाकिस्ताननेही तेच केले. शिस्तीचा आग्रह रास्त मानला, तरी परक्या सत्तेविरुद्ध मोडलेल्या शिस्तीची शिक्षा स्वकीयांनी कायम ठेवावी, याचे समर्थन होत नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी नौदलाच्या नावातील 'रॉयल' हा शब्द गेला. ध्वजावरील ब्रिटिशकालीन क्रूस २००१ मध्ये काढला गेला, २००४ मध्ये परतला आणि २०२२ मध्ये शिवमुद्रेची आठवण देणाऱ्या चिन्हाने त्याची जागा घेतली. केंद्र सरकारने उठावातील सहभागाला स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनासाठी मान्यताही दिली. मात्र ज्यांची नोकरी १९४६ मध्ये गेली, त्यांच्यासाठी हा न्याय फार उशिरा आला. प्रजासत्ताकाच्या स्थापनेचा इतिहास सांगताना घटनाकारांबरोबर त्यांचेही नाव घेणे, एवढे तरी आज शक्य आहे.