घशात अडकलेली भीती

एका घरातील चित्र डोळ्यांसमोर आणा. दोन महिन्यांपूर्वी जेवताना आजींच्या घशात भाकरीचा घास अडकला. श्वास कोंडला, डोळ्यांत पाणी आले. पाठीवर थापा मारल्यावर घास बाहेर पडला. सारा प्रसंग मिनिटभराचा. घरातील मंडळी तो विसरूनही गेली. आजी मात्र विसरल्या नाहीत. प्रथम भाकरी सुटली, मग पोळी, मग भाजी. आता ताटात पेज, ताक आणि वरणाचे पाणी एवढेच उरले आहे. सूनबाई काकुळतीने म्हणतात, "आई, एक घास तरी घ्या." आजी तोंड फिरवून उत्तर देतात, "भूकच नाही गं."

भूक आहे, पण तिच्या वाटेत भीती उभी आहे. आणि ती बोलून दाखवण्याची आजींना लाज वाटते. आयुष्यभर साऱ्या घराला जेऊ घालणाऱ्या बाईने घासाला भ्यावे, हे सांगायचे तरी कोणाला?

आहारविकार म्हटले की वजन वाढेल या धास्तीने उपाशी राहणारी तरुण मुलगी आठवते. परंतु अन्नाची भीती वयाची मर्यादा पाळत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत अन्न टाळण्याच्या एका विकाराची नोंद केली. त्यात वजनाची वा दिसण्याची चिंता नसते. काहींना खाण्यात रसच नसतो, काहींना अन्नाचा वास वा स्पर्श सोसवत नाही आणि काहींना घास अडकेल, उलटी होईल याचे भय असते. हे भय टोकाला गेल्यास कोणत्याही वयात शरीर खंगू लागते.

भीती वाढते कशी, हे समजून घेतले पाहिजे. आजींनी भाकरी नाकारली की त्या क्षणी त्यांना हायसे वाटते. त्या सुटकेतून मन एकच धडा घेते : 'भाकरी खाल्ली नाही, म्हणून वाचलो.' दुसऱ्या दिवशी भीती अधिक बळकट होते आणि ताटातील आणखी एक पदार्थ कमी होतो. घास सुखरूप पोटात उतरू शकतो, हे अनुभवण्याची संधीच मनाला मिळत नाही.

त्यात भर पडते उपासमारीची. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण त्याहून बोलका होता तो मनातील पालट. हे तरुण चिडखोर, उदास आणि चिंतातुर झाले; अन्नावाचून त्यांना दुसरा विचार सुचेना. जेवण वाढवल्यावरही अनेकांची ही अवस्था लगेच निवळली नाही. तात्पर्य, भीतीमुळे खाणे सुटते आणि खाणे सुटल्याने मन अधिक भित्रे होते. म्हणूनच "आधी भीती जाऊ दे, मग जेवेन," असे म्हणून चालत नाही. बहुधा जेवता जेवताच भीती ओसरते.

मात्र त्यापूर्वी एक कर्तव्य आहे. भीतीमागे शरीराचे खरे कारण नाही ना, हे तपासून घ्यावे. पक्षाघात, कंपवात, सैल झालेली कवळी, कोरडे तोंड, अन्ननलिकेतील अडथळा यांमुळे गिळणे खरोखरच अवघड होते. जेवताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज घोगरा वा ओलसर होणे, छातीत पुनःपुन्हा जंतुसंसर्ग होणे या खुणा दुर्लक्षू नयेत. पातळ पदार्थ नेहमीच सुरक्षित असतात, हाही गैरसमज आहे. गिळण्याचे स्नायू दुबळे झाल्यास पाणी आणि चहा घट्ट अन्नापेक्षा अधिक सहज श्वासनलिकेत उतरतात. काही वेळा ठसकाही लागत नाही. यासाठी कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे. गिळण्याची तपासणी आणि व्यायाम स्पीच थेरपिस्ट करून घेतात. सहा महिने ते वर्षभरात कारण नसताना वजन ५ टक्क्यांनी, म्हणजे ६० किलोंच्या व्यक्तीचे ३ किलोंनी घटले, तर डॉक्टरांची भेट लांबणीवर टाकू नये.

तपासणीत घसा निर्धोक ठरला, की खरे काम घरातच सुरू होते. भीतीची एक उतरंड कागदावर मांडा. तळाशी पेज, तिच्यावर मऊ भात, मग मुगाची खिचडी, मग दुधात भिजवलेली पोळी आणि सर्वांत वर भाकरी. एका पायरीवर मन स्थिरावले, की पुढची चढावी. पहिल्या दिवशी खिचडीचे दोनच घास खाल्ले तरी ते यशच मानावे. ज्येष्ठांनी पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसावे, लहान घास सावकाश चावून खावा, जेवताना बोलणे टाळावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ नये.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पाच दिवसांहून अधिक काळ पोटात जवळजवळ काहीच गेले नसेल, किंवा वजन फारच घटले असेल, तर एकदम पोटभर जेऊ घालू नये. अशा शरीरात रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्याने घसरून हृदयावर संकट ओढवू शकते. तेथे आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा.

आणि आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. "काही होत नाही, खा मुकाट्याने," हे वाक्य भीतीला एकटे पाडते. "नको तर राहू दे," हे वाक्य भीतीला जिंकू देते. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे, "भीती वाटते आहे ना? मी शेजारी बसते. आपण दोघी मिळून हा घास घेऊ." जेवताना घासांकडे टक लावून पाहू नका, स्वतःचे ताट वाढून घ्या आणि सोबत जेवा. तुमच्याही मनात 'पुन्हा अडकले तर?' ही धास्ती असणारच. घसा अडकल्यास करावयाचा प्रथमोपचार एखाद्या प्रशिक्षिताकडून शिकून घ्या. तुमचे मन शांत राहिले, तर समोरच्याला धीर येतो.

प्रगती सरळ रेषेत होत नाही. एखाद्या दिवशी ठसका लागेल आणि उतरंड दोन पायऱ्या खाली घसरेल. तेव्हा खचून न जाता दुसऱ्या दिवशी खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.

ज्येष्ठ वाचकहो, ताटातील एखादा पदार्थ तुम्ही भीतीपोटी सोडला असेल, तर तो कोणता, हे आजच घरातील एका माणसाला सांगा. भीती बोलून दाखवण्यात कमीपणा नाही. 'भूक नाही' या दोन शब्दांमागचे खरे कारण कळल्याखेरीज तुमची माणसे तुम्हांला मदत तरी कशी करणार?