विश्लेषण : तापलेल्या छतावरही जास्त वीज देणारे ‘हेटरोजंक्शन’ सौर सेल काय आहेत?

सौर पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. विदर्भात मे महिन्यात छतावरचे पॅनेल ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. कूलर-पंख्यांसाठी विजेची गरज वाढलेली असताना नेमकी तेव्हाच त्याची क्षमता घटते. ही घट कमी करणाऱ्या ‘हेटरोजंक्शन’ अर्थात ‘एचजेटी’ तंत्रज्ञानावर रिलायन्सने जामनगरमध्ये कारखाना उभारला आहे.

हे सेल कसे काम करतात?

सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ते तारेपर्यंत पोहोचले तर वीज मिळते. मात्र सिलिकॉनच्या चकतीच्या पृष्ठभागावर अणूंचे काही बंध अपुरे राहतात. तेथे इलेक्ट्रॉन अडकून वाया जातात. ‘एचजेटी’मध्ये स्फटिक सिलिकॉनच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी अस्फटिक सिलिकॉनचे काही नॅनोमीटर जाडीचे थर चढवतात. त्यांतील हायड्रोजन हे बंध पूर्ण करतो. सिलिकॉनच्या या दोन भिन्न रूपांचा सांधा म्हणजे ‘हेटरोजंक्शन’. जपानच्या सान्यो कंपनीने असे पॅनेल १९९७ मध्ये बाजारात आणले.

उष्णतेत फरक किती पडतो?

पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजतात. त्यापुढे प्रत्येक अंशामागे ‘पर्क’ प्रकारच्या पॅनेलची क्षमता सुमारे ०.३५ टक्के, तर ‘एचजेटी’ची सुमारे ०.२५ टक्के घटते. म्हणजे ६५ अंशांवर घट अनुक्रमे १४ आणि १० टक्के. तीन किलोवॉटच्या घरगुती संचात भर दुपारी हा फरक सुमारे १२० वॉटचा, म्हणजे एक पंखा आणि चार-पाच एलईडी दिवे चालतील इतका होतो.

मग सगळे हेच का बनवत नाहीत?

अस्फटिक थर फार उष्णता सोसत नाहीत, त्यामुळे ते चढवल्यानंतरची प्रक्रिया साधारण २०० अंशांवरच करावी लागते. त्यासाठी विशेष चांदीची पेस्ट लागते आणि तीही जास्त. पारदर्शक वाहक थरात बहुधा महागडे इंडियम वापरतात. शिवाय यंत्रसामग्रीही नवी घ्यावी लागते. स्पर्धक ‘टॉपकॉन’ मात्र जुन्या ‘पर्क’ कारखान्यात काही यंत्रांची भर घालून बनवता येतो, म्हणून चीनमधील बहुतेक मोठ्या कंपन्या तिकडे वळल्या.

ग्राहकाने काय पाहावे?

माहितीपत्रकातील ‘तापमान गुणांक’. ‘टॉपकॉन’चा तो ०.३० टक्क्यांच्या आसपास असतो. छत लहान आणि उन्हाळा कडक असेल, तर ‘एचजेटी’चा विचार करता येईल. मात्र केवळ नावासाठी जादा पैसे न मोजता प्रतिवॉट किंमत आणि वॉरंटी ताडून पाहावी.