वेग अडतो शेवटच्या शंभर मीटरवर

तळेगाव दाभाडे - इंद्रायणीकाठच्या आंबी गावाचा चेहरामोहरा गेल्या दोन दशकांत पार बदलला. शेजारी तळेगावची औद्योगिक वसाहत विस्तारली, गावात मोठे शैक्षणिक संकुल उभे राहिले आणि त्यापाठोपाठ वसतिगृहे व गृहप्रकल्प आले. अशा गावात इंटरनेट ही आता चैन राहिलेली नाही. परीक्षेचे अर्ज, बँकेचे व्यवहार, कारखान्यातील यंत्रे, सुरक्षेचे कॅमेरे हे सारे त्यावरच चालते. तथापि, वेगवान जोडणीचे पैसे मोजूनही प्रत्यक्षात तो वेग मिळत नाही, अशी तक्रार शहरांत आणि अशा निमशहरी गावांतही सर्रास ऐकू येते. दोष अर्थातच सेवा पुरवठादाराच्या माथी मारला जातो. पुष्कळदा मात्र तो भिंतीआड दडलेल्या केबलमध्ये किंवा तिच्या टोकाला बसविलेल्या बोटभर कनेक्टरमध्ये असतो.

हा प्रश्न केवळ घरापुरता मर्यादित नाही. देशातील ग्रामपंचायती काचतंतूंच्या जाळ्याने जोडण्याच्या योजनेस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित आराखड्यासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या खर्चाने आलेला काचतंतू इमारतीच्या दारापर्यंत पोहोचतो. तेथून संगणकापर्यंतचा प्रवास बहुतेक ठिकाणी तांब्याच्या इथरनेट केबलनेच होतो. या शेवटच्या टप्प्यातच हलगर्जीपणा झाला, तर आधीची सारी गुंतवणूक पाण्यात जाते.

पिळाचे महत्त्व

इथरनेटचे तंत्र रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात विकसित केले. आरंभी त्यासाठी जाड समाक्ष केबल वापरली जाई. १९९० पासून आजची पीळदार जोड्यांची केबल प्रमाणित झाली. हिच्यात आठ तारा चार जोड्यांनी एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. जोडीतील दोन तारांतून परस्परविरुद्ध संदेश वाहतात. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दोन्हींतील फरक मोजताना तो वजा होतो. ही युक्ती मुळात दूरध्वनीच्या तारांसाठी होती. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच तिचे पेटंट घेतले होते.

केबलची प्रतवारी पीळ किती घट्ट व नेमका आहे आणि जोड्या एकमेकींपासून किती अलग राखल्या आहेत, यावर ठरते. 'कॅट-५ई' १०० मेगाहर्ट्झपर्यंत, 'कॅट-६' २५० पर्यंत, तर 'कॅट-६ए' ५०० पर्यंत प्रमाणित असते. सेकंदाला १००० मेगाबिटचा वेग या तिन्ही केबल १०० मीटरपर्यंत वाहून नेतात. त्याच्या दहापट वेग कॅट-६ला जेमतेम ५५ मीटरपर्यंत झेपतो, कॅट-६एला मात्र पूर्ण १०० मीटर. म्हणजेच सामान्य घरासाठी किंवा शाळेसाठी महागडी केबल घेण्याची गरज नसते. गरज असते ती अस्सल केबलची.

तांब्याचा मुलामा

बाजारात स्वस्तात मिळणारी बरीच केबल आतून ॲल्युमिनियमची असते आणि वर तांब्याचा पातळ थर असतो. 'सीसीए' या नावाने ती विकली जाते. तिचा विद्युतरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, शिवाय वाकवताना तार लवकर तुटते. संगणक जाळ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांना ही केबल मान्य नाही. सुरक्षा कॅमेऱ्यांना तर याच केबलमधून वीजही पुरविली जाते. २००३ च्या मानकात ही मर्यादा सुमारे १५ वॅट होती, २०१८ मध्ये ती ९० वॅटपर्यंत गेली. रोध जास्त असलेल्या केबलचा जुडगा एका नळीत कोंबून त्यातून एवढी वीज सोडली, तर तो तापतो आणि दूरचा कॅमेरा वारंवार बंद पडतो. तार पात्याने खरवडली असता आत पांढरी चकाकी दिसली, तर ते शुद्ध तांबे नव्हे, एवढी साधी परीक्षा कोणालाही करता येते.

टोकाची कारागिरी

'आरजे-४५' या नावाने परिचित असलेल्या कनेक्टरमध्ये आठही तारा ठरलेल्या रंगक्रमानेच बसवाव्या लागतात. क्रम दोन प्रकारचे आहेत. कोणताही एक चालतो, पण दोन्ही टोकांना तोच हवा. जोड्या ओळीने एकामागून एक बसविल्या, तर दिवे लावून तपासणाऱ्या स्वस्त टेस्टरवर सारे ठीक दिसते. प्रत्यक्षात तिसऱ्या आणि सहाव्या खाचेत एकाच जोडीच्या तारा हव्यात. तसे नसेल तर पिळाचा लाभ जातो आणि एका जोडीतील संदेश दुसरीत मिसळतो. पीळही टोकाशी अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये.

ताशी कामाच्या घाईत हेच नियम मोडले जातात. परिणाम ओळखण्याची एक खूण आहे. १०० मेगाबिटच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, १००० साठी चारही लागतात. एखादी तार सुटली, तरी उपकरण गुपचूप खालच्या वेगावर उतरते. ३०० मेगाबिटची जोडणी घेऊनही तारेने जोडलेल्या संगणकावर वेग ९५ च्या आसपासच अडत असेल, तर पुरवठादाराकडे तक्रार करण्याआधी केबल आणि कनेक्टर तपासावा.

मावळात पावसाळ्याचा विचारही अटळ ठरतो. घरातील केबलचे आवरण उन्हापावसात तडकते आणि आत शिरलेले पाणी जोडण्या गंजवते. उघड्यावर काळ्या पॉलिथिन आवरणाची केबल हवी. दोन इमारतींच्या दरम्यान तर तांबे टाळून काचतंतूच वापरावा, कारण तो विजेचा वाहक नसल्याने गडगडाटी पावसात उपकरणे जळण्याचा धोका कमी होतो.

खरेदीतच उपाय

गृहनिर्माण संस्था, शाळा वा ग्रामपंचायत यांच्या कार्यादेशात बहुधा 'लॅन केबलिंग' एवढाच उल्लेख असतो आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते. कार्यादेशात शुद्ध तांबे, केबलची प्रत, भिंतीतील केबलसाठी ९० मीटरची कमाल लांबी आणि प्रत्येक जोडणीचा चाचणी अहवाल या चार अटी घातल्या, तर खर्च थोडा वाढेल. परंतु गिलावा झाल्यानंतर केबल बदलायची वेळ आली, तर भिंत फोडावी लागते आणि तो भुर्दंड सभासदांनाच किंवा करदात्यांनाच सोसावा लागतो. म्हणून देयक मंजूर करण्यापूर्वी चाचणी अहवाल मागून घेणे, हाच यावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.